बरे झाल्यानंतरचे दुखणे



ह्या वसंतोत्सवासाठी आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीस थोडे बिचकले. “भाऊ, तुम्हांला इतिहासावर बोला म्हटले होते. तुम्ही तर दवाखान्याची गोष्ट काढलीत, आणि तीही बायकांच्या अशा दुखण्याची!” असे ते म्हणाले. त्यांचा संकोच आम्हांस समजला. परंतु ह्या संकोचानेच एक इतिहास दडपून ठेवला आहे असे आमचे मत आहे, आणि म्हणून विषय न बदलता आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

विषय असा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग किरणोपचारांनी बरा होऊ शकतो. रोग जातो, बाई घरी येते, पेढे वाटले जातात. पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ओटीपोटात कळ येऊ लागते, कमरेखालचे हाड दुखते, लघवीला जळजळ होते, शौचाला वारंवार धावावे लागते. सर्वांनाच असे होते असे नाही. परंतु ज्यांना होते त्यांची संख्या थोडी नाही. हे दुखणे रोगाचे नसून उपचाराच्या मागे राहिलेले असते. त्याला नाव मिळावयास शंभर वर्षे लागली. ती का लागली, आणि आज त्यावर काय करता येते, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही डॉक्टर नाही. मराठी सातवीला शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही जे सांगू ते वाचून आणि जाणत्यांना विचारून सांगू. औषध मात्र आपण डॉक्टरांच्या हातूनच घ्यावे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते एका तक्रारीमुळे. काही वर्षांपूर्वी भिवंडीतील एका कारखान्यात कांडी भरणाऱ्या बाईंना मुकादमाने मशीनवरून उठविले. कारण असे की, त्या पुनःपुन्हा जागा सोडून जात, कांड्या वेळेवर भरून होत नसत, बाणा संपे आणि माग उभे राहत. मागवाल्याला मीटरवर मजुरी; माग उभा राहिला की त्याचेही नुकसान. म्हणजे मालकच नव्हे, सोबतचे कामगारही त्यांच्यावर चिडलेले. आम्ही बाईंना कारण विचारले तर त्या खाली बघून गप्प. शेवटी त्यांच्या जावेने सांगितले : तीन वर्षांपूर्वी पिशवीच्या तोंडाचा कर्करोग झाला होता, मुंबईला “लाइट” घेतली, रोग गेला, पण तेव्हापासून फरशीवर पाव तास बसवत नाही आणि शौचाची घाई थोपवत नाही.

आम्ही त्यावर काय बोललो ते सांगावयास आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “ताई, एवढ्या मोठ्या दुखण्यातून वाचलात, आता थोडे सोसावेच लागेल.” बाई प्रथमच वर बघून म्हणाल्या, “भाऊ, वाचले म्हणूनच दुखतंय. मेले असते तर काय दुखलं असतं?” तपासणीच्या वेळी हे सांगितले का, असे विचारता त्या म्हणाल्या, “तिथं विचारतात रोग परत आला का. नाही आला म्हटलं की पुढच्या बाईचा नंबर.” त्या कोठे तपासणीस जात ते येथे सांगण्याचे कारण नाही, हे कोठेही घडते.

तीस वर्षे आम्ही मालकांना सांगत आलो की, तुम्ही कापडाचे मीटर मोजता, माणसाची पाठ मोजत नाही. त्या दिवशी आम्हीही तेच केले होते. तेव्हा आम्ही ह्या दुखण्याचा माग काढावयास बसलो.

इतिहासाचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. १८९५ साली राँटगेन ह्यांना क्ष-किरण सापडले. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरी ह्यांनी रेडियम शोधून काढले. ह्या नव्या शक्तीने गाठी विरघळतात हे लवकरच ध्यानात आले. १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. मार्गारेट क्लीव्हज ह्या बाईंनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियम वापरले. म्हणजे रेडियम सापडून पाच वर्षेही झाली नव्हती तोच हा उपचार स्त्रीच्या देहात पोहोचला होता.

परंतु ही शक्ती पुढे काय करील हे कळावयास वेळ लागला, आणि ते जगाला कळले त्यात कामगार स्त्रियांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुली होत्या. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरावयास त्यांना शिकविले होते. रंग पोटात गेला. त्या वेळी काही झाले नाही. पुढे काही वर्षांनी जबडे झिजू लागले, हाडे मोडू लागली. त्यांतील पाच जणींनी कंपनीवर दावा लावला आणि १९२८ साली तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. त्यांची गोष्ट आणि आमच्या ताईंची गोष्ट एक नव्हे. तेथे विष पोटात गेले होते, येथे उपचार मोजूनमापून दिला जातो. तरी एक धडा समान आहे. किरणांचा घाव आज लागतो आणि उद्या दिसतो. मधल्या काळात “काही झालेले नाही” असे म्हणणे सोपे असते.

डॉक्टर मंडळीही स्वस्थ नव्हती. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉडियस रेगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सर्व मात्रा एकदम देण्यापेक्षा थोडी थोडी करून अनेक दिवस दिली तर रोग मरतो आणि निरोगी भागाला सावरावयास अवसर मिळतो. आज बाईला सुमारे पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, टेबलावर निजावे लागते त्याचे मूळ ह्या विचारात आहे. १९३८ साली मँचेस्टरच्या टॉड आणि मेरेडिथ ह्यांनी गर्भाशयात ठेवावयाच्या रेडियमचे नियम बांधून दिले. ते बांधताना निरोगी भागाला किती सोसेल ह्याचा विचार त्यांनी पुढे ठेवला होता. म्हणजे शेजारचा मूत्राशय आणि गुदाशय ह्या उपचारात भाजला जाऊ शकतो हे १९३८ मध्येही ठाऊक होते. पण शास्त्रज्ञाला जे ठाऊक होते ते त्या टेबलावर निजलेल्या बाईला कोणी सांगत नव्हते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. हे रुग्णालय कोठे उभे राहिले ते पाहा : गिरणगावाच्या ऐन मध्यावर. भोंगा वाजला की जेथून हजारो गिरणीकामगार बाहेर पडत, त्याच परळात देशभरचे कर्करोगी येऊ लागले.

गिरणीकामगारांनी लढून काही हक्क मिळविले होते. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ साली आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांसाठी निराळे शौचकूप, पिण्याचे पाणी, उभ्याने काम करणाऱ्यांना बसावयाची सोय ह्या गोष्टी लिहून दिल्या. त्याच वर्षीच्या राज्य विमा कायद्यातून आजारपणाचा भत्ता आला, आणि ह्या योजनेत कर्करोगासारख्या लांबणाऱ्या आजारासाठी अधिक मुदतीच्या भत्त्याचीही सोय झाली. मग १९८२ चा संप झाला. गिरण्या मोडत गेल्या आणि कापडाचे काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव अशा यंत्रमागांच्या गावांत वाढत गेले. माग आले, मागाबरोबर कायदा मात्र आला नाही. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली तर कायदा लागे, म्हणून एकाच छपराखाली भिंती घालून चार नावांचे चार कारखाने झाले. पुढे २०२० च्या संहितेने दहांची ती अट विसावर नेली. आमच्या ताई कांडी भरीत होत्या तेथे हजेरीपटच नव्हता. मग विमा कोठला आणि भत्ता कोठला! स्त्रियांसाठी निराळे शौचकूपही नव्हते. ज्या बाईला दिवसातून आठ वेळा जावे लागते तिने काय करावे?

इकडे वैद्यकाची मोजणी सुरू झाली होती, आणि तिचे आम्हांला मोल आहे. १९६३ साली मुंबईत कर्करोगाच्या नोंदणीचे काम भारतीय कर्करोग संस्थेने हाती घेतले. अशी लोकवस्तीवर आधारलेली नोंदणी देशात ही पहिलीच. १९८७ पासून बार्शीला ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली. खेड्यांतल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे हे तिने दाखविले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची पाहणी झाली. ह्या रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची एकदा चाचणी केली तरी मृत्यू कमी होतात हे २००९ साली त्यातून प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगारच्या आम्लाने तपासणी केली, आणि त्या वस्त्यांत ह्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आपल्या मातीतल्या गरीब बायकांनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे.

परंतु ह्या नोंदीत काय होते? किती जणींना झाला, किती वाचल्या, किती गेल्या. वाचलेल्यांचे पुढे काय झाले ह्याचा रकाना फार उशिरा पडला. इंग्लंडमध्ये १९९१ साली, छातीच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन हात लुळे पडलेल्या, सतत वेदना सोसणाऱ्या स्त्रियांनी आपली संघटना बांधली आणि आमची नोंद घ्या अशी मागणी केली. आम्ही ती हकिकत वाचली तेव्हा वाटले, ही तर युनियनच! ओटीपोटाच्या दुखण्याला मात्र आणखी थांबावे लागले. २०१० च्या सुमारास इंग्लंडमधील डॉ. जर्वॉइज अँड्रेयेव्ह ह्यांनी आग्रह धरला की, किरणोपचारानंतर आतडे, मूत्राशय, योनी, हाडे ह्यांच्या ज्या व्याधी उद्भवतात त्यांना एकत्र नाव द्यावे. ते नाव कटिरातील किरणव्याधी अशा अर्थाचे आहे. नाव दिल्याने रोग बरा होत नाही हे खरे. पण नाव नसलेल्या दुखण्याला डॉक्टर शोधीत नाही, मालक मानीत नाही आणि घरचे त्याला ढोंग म्हणतात.

आणि मग परळहूनच एक मोठी गोष्ट घडली. टाटा स्मारक केंद्रात डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आधी शस्त्रक्रिया झालेल्या आणि नंतर किरणोपचार द्यावयाच्या ३०० स्त्रियांवर २०११ ते २०१९ ह्या काळात एक चाचणी केली. अर्ध्याजणींना त्या वेळची नेहमीची पद्धत, अर्ध्याजणींना किरणांना अवयवाच्या आकाराप्रमाणे वळण देणारी आणि रोज चित्र घेऊन नेम साधणारी पद्धत. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास नेहमीच्या पद्धतीत ४२·४ टक्के, तर नव्या पद्धतीत २१·१ टक्के होता. रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. ह्या आकड्यांत आम्हांला दोन गोष्टी दिसतात. जुन्या पद्धतीत शंभरांत बेचाळीस जणींना हा त्रास होता. म्हणजे आमच्या ताई एकट्या नव्हत्या. आणि तो त्रास अटळ नव्हता. मोजावयास घेतला तेव्हा निम्मा झाला.

आता हे दुखणे होते कसे? किरण रोगाच्या पेशी मारतात तसे शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. रक्त कमी पोहोचले की तो भाग हळूहळू ताठर होतो, आक्रसतो. आमच्याकडे ह्या उपचाराला कोणी “लाइट” म्हणतात, कोणी “शेक”. शेक हा शब्द फसवा आहे. घरचा शेक निवला की संपतो. हा शेक देहात पुढे वर्षानुवर्षे काम करीत राहतो. आणि एक सावधगिरी : किरण दिलेल्या कातडीवर गरम पाण्याची पिशवी घट्ट धरू नये, तेथील कातडी नाजूक झालेली असते, कधी तिला चटका लागलेला कळतही नाही.

दुखणे एकच वाटले तरी त्याची कारणे निरनिराळी असतात, आणि प्रत्येकावर उपाय निराळा असतो. हीच गोष्ट आपण घरी जाऊन सांगावी अशी आमची विनंती आहे. कमरेखाली माकडहाडाच्या वर दुखत असेल तर तेथील हाडाला बारीक चिरा गेलेल्या असू शकतात; साध्या क्ष-किरण चित्रात त्या पुष्कळदा दिसत नाहीत, एमआरआय काढावा लागतो. शौचावाटे रक्त जात असेल तर गुदाशयाच्या अस्तरावर औषधाचा एनिमा किंवा दुर्बिणीतून उपचार करता येतो. मात्र दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरला किरणोपचार झाले आहेत हे आधी सांगावे, कारण तेथला तुकडा तपासणीला काढला तर जखम न भरण्याचे भय असते. लघवीत रक्त असेल तर मूत्राशयाची तपासणी निराळी. नसांचे दुखणे, म्हणजे आग, झिणझिण्या, विजेसारखी कळ, ह्याला साध्या वेदनाशामकांचा उपयोग थोडा. त्यासाठी दुसरी औषधे आहेत. भीतीने आणि वेदनेने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि तेच पुढे दुखतात. ते सैल सोडावयास श्वासाच्या आणि स्नायूंच्या व्यायामांनी शिकविणारे व्यायामोपचारतज्ज्ञ असतात.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास आम्हांलाही जड जाते. ह्या उपचारानंतर योनिमार्ग आक्रसतो, कोरडा पडतो. त्यासाठी डॉक्टर एक गुळगुळीत साधन देतात आणि ते आठवड्यातून काही वेळा वापरावयास सांगतात. वंगण आणि मलमही देतात. बायका ते ट्रंकेच्या तळाशी टाकून देतात. विधवा म्हणते, मला आता त्याचे काय काम? नवरा असलेली म्हणते, सासूला दिसले तर? भगिनींनो, ते साधन केवळ संसारसुखासाठी नाही. मार्ग बंद झाला तर पुढे रोग परतला की नाही हे तपासणे डॉक्टरला अवघड होते. आणि नवरेमंडळींना आमचे सांगणे असे की, बायको दूर सरते ती रुसून नव्हे, तिला दुखते. विचारावे आणि थांबावे.

नवे दुखणे, वाढते दुखणे, पायाला सूज, वजन घटणे, रक्त जाणे, ह्यांपैकी काही असेल तर प्रथम रोग परतला नाही ना हे पाहिलेच पाहिजे. परंतु रोग परतलेला नाही असे कळल्यावर बोलणे संपत नाही, “मग हे कशाने दुखते?” हा पुढचा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

वेदना ही केवळ देहाची नसते, मनाची, घराची, पैशाचीही असते, हे लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषालय काढणाऱ्या सिसिली साँडर्स ह्यांनी जगाला शिकविले. त्याच वाटेने १९८६ साली वांद्रे येथे शांती आवेदना हे देशातील पहिले शुश्रूषालय निघाले. ती शुश्रूषालये अखेरच्या आजारासाठी. पण त्यांचा विचार वाचलेल्या बाईलाही तितकाच लागू आहे. आमच्या ताईंना परळला जावयाचे म्हणजे भिवंडीहून कल्याण किंवा ठाणे गाठावयाचे आणि मग लोकल. लोकलला शौचकूप नाही. म्हणून त्या तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारपासून जेवत नसत आणि गाडीत पाण्याचा घोटही घेत नसत. उपचारांच्या खर्चाला सरकारी योजना आहेत, दूरच्या रुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा आहे; पण बुडालेल्या मजुरीला आणि ह्या उपासाला कोठे रकाना नाही.

ताईंचे पुढे काय झाले ते सांगून आम्ही थांबतो. दुसऱ्या एका दवाखान्यात तपासणी झाली. रोग परतला नव्हता, हाडाला चिरा होत्या. विश्रांती, औषधे, व्यायाम ह्यांनी दुखणे निम्म्यावर आले. गेले असे नाही. कामाच्या जागी आम्ही मोठा लढा दिला नाही, तीन गोष्टी मागितल्या : फरशीऐवजी उशी घातलेले उंच स्टूल, शेजारच्या घरातले शौचकूप वापरण्याची व्यवस्था, आणि त्या उठतील तेव्हा मशीनवर बसावयास दुसरी बाई. शेठ आधी हसले. पण त्यांची स्वतःची वहिनी त्याच दुखण्याने बेजार आहे असे त्यांच्या घरातून कोणीतरी बोलले, आणि पंधरा दिवसांत स्टूल आले. ताई आता अर्धा दिवस काम करतात. मागवाले त्यांच्यावर चिडत नाहीत, कारण त्यांना कारण ठाऊक आहे.

आमच्या युनियनच्या वहीत तेव्हापासून आम्ही एक रकाना वाढविला आहे. सभासद आजारातून उठून कामावर आला की वर्षभराने आम्ही विचारतो, “आता काय दुखते?” पहिल्यांदा सगळे म्हणतात, काही नाही. दुसऱ्यांदा विचारले की सांगतात. आपणही आज घरी गेल्यावर एकदा विचारा. आणि उत्तर “काही नाही” असे आले, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा.